सूर धरणारा

“मग काय, डावा हात खिशात घालून बसू?” पराग म्हणाला.

“बस. खिसा आहे ना?” रूथबाई म्हणाल्या.

सकाळपासून हेच चाललं होतं. पाचगणीतल्या त्या बैठ्या घरात, काळ्या पियानोच्या दोन बाजूंना गुरू आणि शिष्य भांडत होते आणि मधल्या टेबलावरचा चहा केव्हाच गार होऊन त्यावर साय धरली होती.

संध्याकाळी पुण्याहून रेकॉर्डिंगवाले येणार होते. परागला त्याच्या नव्या संग्रहातली शेवटची धून याच पियानोवर वाजवायची होती, कारण तो शिकला तो याच्यावर. धून वडिलांसाठी होती. शिवराम गुरव जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

रूथबाईंनी ती एकदा ऐकली, झाकण पाडलं, कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली.

रूथबाई रणभिसेंना कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि हे त्या समोरच्याला पहिल्या भेटीतच ऐकवत. बंद पडलेल्या एका शाळेनं हा पियानो व्हरांड्यात टाकून दिला होता. बाईंनी तो घरी आणला, सगळा खोलला, तारा दाबून गप्प करणारा, उंदरांनी कुरतडलेला नमदा काढून नवा चिकटवला, आणि सूर कसा काढायचा ते त्या पियानोलाच विचारलं. त्याला उत्तर द्यावंच लागलं असणार. बाईंपुढे कुणाची टाळाटाळ चालत नसे.

परागला ऐकायला आता लोक तिकीट काढत. तो डब्लिनला राहून आला होता. आयर्लंडच्या संथ चाली, तिथल्या पाव्यावरच्या बारीक मुरक्या, नाचाच्या गिरक्या, सगळं त्यानं बोटांत भरून आणलं होतं. याच्या पियानोत परदेशातलं धुकं उतरतं, असं एका पेपरानं लिहिलं होतं.

रूथबाईंनी तो पेपर वाचून बाजूला ठेवला होता. धुकं पाचगणीत फुकट मिळतं, म्हणाल्या.

“बाई, पियानोचा सूर मरतो,” पराग म्हणाला. “दाबला, वाजला, मेला. पाव्याचं तसं नाही. फुंक असेपर्यंत तो जगतो. म्हणून मला डाव्या हातानं भर घालावी लागते. नाहीतर धुनेला भोकं पडतात.”

“पडू देत.”

“लोक उठून जातील.”

“जाऊ देत. दाराला कडी थोडीच असते.”

“मला सरळ सांगा, माझं चुकलं कुठे?”

“कुठेच नाही. तीच पंचाईत आहे.” बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “तुझा बाप कुठेय ह्यात?”

“सगळीकडे आहेत. धुनेला नावच त्यांचं दिलंय.”

“नाव दारावरच्या पाटीलाही असतं. घरात माणूस लागतो.”

पराग उठून खिडकीशी गेला. पाठमोराच बोलला.

“बाबा काय करायचे, तुम्हाला ठाऊक आहे.”

बाईंना ठाऊक होतं. शिवराम गुरव वाईजवळच्या एका गावी देवीच्या नगारखान्यात बसत. सनई वाजवत ते त्यांचे थोरले भाऊ, नाना. शिवराम त्यांच्या शेजारी बसून दुसऱ्या सनईवर सूर धरत. एकच सूर. गाल फुगवलेले, डोळे मिटलेले, नाकानं श्वास आत आणि फुंक चालूच. नाना थांबले, पाणी प्यायले, कुणाशी दोन शब्द बोलले, तरी सूर तुटायचा नाही. नारळ नानांना. शेला नानांना.

“जन्मभर एक सूर, बाई. लग्नात तोच, आरतीला तोच. मी लहानपणी विचारलं होतं, बाबा, तुम्ही कधी वाजवणार?”

“काय म्हणाला?”

“हसले. म्हणाले, वाजवतोच आहे की.”

…

“म्हणून मी या धुनेत त्यांना सगळं दिलं,” पराग म्हणाला. “चाल त्यांची. मुरक्या त्यांच्या. दोन्ही हात त्यांचे. एकदा तरी त्यांना मोकळेपणानं वाजवू दे. तुम्ही त्यांना परत कोपऱ्यात नका बसवू.”

बोलता बोलता तो खिडकीपासून वळला. रूथबाई त्याच्याकडेच बघत होत्या.

“तिकडे आयर्लंडात कुठल्याशा खेड्यात तू तो पिशवीचा पावा ऐकलास,” त्या म्हणाल्या. “आणि मला फोन केलास. तोंडातून शब्द फुटत नव्हता तुझ्या. नुसते हुंदके.”

“हो.”

“चाल फार अवघड होती?”

“नाही. साधीच. आपल्या ओवीसारखी.”

“मग रडलास कशाला?”

पराग आठवू लागला. ओली दगडी भिंत. म्हातारा वादक, त्याच्या कोपराखाली दाबलेली कातडी पिशवी. चाल काही केल्या आठवेना. आठवत होतं ते चालीच्या खालचं. त्या पाव्याच्या बाजूला आणखी नळ्या होत्या. त्या काही वाजवत नव्हत्या. एकच सूर सोडत होत्या… न थांबता…



“नाही माहीत,” तो म्हणाला. ते खोटं होतं, आणि दोघांनाही ते कळलं.

“विमानानं गेलास रे एवढ्या लांब,” रूथबाई म्हणाल्या. “वाईला एसटी जाते.”

हे त्याला झोंबलं.

“बरं. मानलं. पण पियानोला श्वास नाही, बाई. त्याला सूर धरता येत नाही. मी खोटं बोलतोय का? बाबांना बसवायला पियानोत जागाच नाही.”

रूथबाईंनी कनवटीची किल्ली काढली. कुलूप उघडलं, झाकण वर केलं आणि बाकावर डाव्या अंगाला बसल्या.

“ये. इथं, उजवीकडे.”

तो बसला.

बाईंची बोटं वातानं वाकडी झाली होती. त्यांनी दोन हातांची दोन बोटं मधल्या दोन पट्ट्यांवर ठेवली आणि दाबायला सुरुवात केली. इतकं हळू, की निजलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालत असाव्यात. पट्ट्या तळापर्यंत गेल्या. आतला नमदा तारांवरून उठला, पण हातोडा तारेपर्यंत पोहोचलाच नाही.

“वाजलं नाही,” पराग म्हणाला.

“वाजवलंच नाही. आता खालचा षड्ज. एकदा जोरात मार आणि हात उचल.”

त्यानं वाकून खालची पट्टी मारली. जाड, खोल आवाज खोलीभर पसरला. त्यानं हात उचलला. नमदा तारेवर बसला, आवाज तुटला. खोली शांत झाली…

झाली नाही.

कुठूनतरी सूर येत होता. पातळ, दुरून आल्यासारखा. षड्ज, आणि त्याच्या वर पंचम. कुणी ते वाजवले नव्हते. बाईंची बोटं जिथं होती तिथंच होती, न वाजवलेल्या त्या दोन पट्ट्या दाबून.

“हे मला माहीत आहे,” पराग घाईघाईनं म्हणाला. “एक तार वाजली की दुसरी मोकळी तार आपोआप…”

“माहीत आहे. ऐकलंयस?”

त्यानं ऐकलं नव्हतं. त्याच्या डाव्या हातानं त्याला कधी ऐकूच दिलं नव्हतं.

आता ऐकू येत होतं. सूर पियानोतून येतोय असं वाटेना. लाकडाच्या मागून, भिंतीच्या मागून, पहाटेच्या नगारखान्यातून तो येत होता. समईच्या तेलाचा वास आला. फुगलेले गाल दिसले, मिटलेले डोळे दिसले.

सूर बारीक होत चालला होता. विझेल म्हणून घाबरून त्यानं उजव्या हातानं धुनेचा पहिला स्वर लावला.

दोन्ही मोकळ्या तारांनी तो उचलून घेतला.

त्यानं बोट काढलं. स्वर गेला. सूर राहिला.

त्यानं दुसरा लावला, तिसरा लावला, मग थांबला. इतके दिवस ज्या जागांना तो भोकं म्हणत होता, त्यांतल्या पहिल्याच जागेत कुणीतरी होतं. काही मागत नव्हतं. कुठं जातही नव्हतं.

सवयीनं त्याचा डावा हात वर उठला, भर घालायला.

रूथबाईंचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्यांनी नुसतं त्या हाताकडे बघितलं.

परागनं डावा हात खिशात घातला.

“बाई…” तो हळूच म्हणाला. “मी पुढे गेलो… आणि मध्येच थांबलो तर?”

रूथबाईंनी बोटं हलवली नाहीत.

“तू वाजव. तो सूर धरून बसलाय.”