बयजाक्का कासारीण आणि राहून गेलेला हात

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. आमच्या निगडओहळात विचाराल तर म्हातारी माणसं नुसता हात हलवतात आणि म्हणतात, "लई वर्सं झाली, बाबा." त्याच्यापुढं हिशेब जात नाही. गाव तेव्हाही ओढ्याच्या दोन्ही अंगाला होतं, आणि श्रावणातली नागपंचमी जवळ आली की ओढा ओलांडून बयजाक्का कासारीण यायची.

बाई उंच, रंगानं सावळी, तोंडानं फटकळ. डोक्यावर बांगड्यांची पाटी आणि तोंडात अखंड बडबड. पाच-सहा गावं ती एकटी पायी फिरायची. तिचा नवरा तातोबा घरी बसून बांगड्या निवडायचा आणि बायको परत आली की तिची बडबड ऐकायचा. दोन्हींत जड काम कुठलं, ते त्यालाच ठाऊक.

बयजाक्काच्या बोटांत मात्र काहीतरी होतं. कासार हात दाबून माप घेतो, त्यात नवल नाही. पण ही हात दोन्ही तळव्यांत धरायची, डोळे मिटायची, आणि बांगडीच्या मापाबरोबर त्या बाईचं मनही तिला कळायचं, असं म्हणतात. एकदा पाटलीणबाईंनी तिची गंमत करायची ठरवली. दाराआड आपल्या म्हाताऱ्या गड्याला उभं केलं आणि फटीतून त्याचा हात बाहेर काढायला लावला. बयजाक्कानं तो दाबला आणि म्हणाली, "ह्या हाताला बांगडी नको, तेल लावा. आन् दोन दिस सुट्टी द्या. खांदा धरलाय बिचाऱ्याचा." पाटलीणबाईंचं तोंड एवढंसं झालं. गड्याला सुट्टी मिळाली.

आता पुस्तकांचं ऐका. बयजाक्काला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण एका गावच्या बाईनं तिला सांगितलं, आक्का, एवढं पुस्तक माझ्या बहिणीला पोचवा, पलीकडच्या गावाला दिलीय तिला. बयजाक्का म्हणाली, पोचवीन, पण आधी सांग, ह्याच्यानं तुला काय झालं? बाई लाजली. मग सांगायला लागली. ते होतं समुद्रातल्या प्रवासाचं पुस्तक. बाईनं ओढ्यापलीकडचं पाणी कधी बघितलं नव्हतं. पुस्तक वाचल्यापासून तिला रोजची घागरसुद्धा समुद्रातून भरून आणल्यासारखी वाटायची, आणि कामाचा कंटाळा पार गेला होता. बयजाक्कानं ते सगळं ऐकून घेतलं आणि पुस्तकाबरोबर तेही बहिणीला पोचवलं.

झालं. बयजाक्काला छंदच लागला. घरोघरी कोनाड्यात, फडताळात, धान्याच्या कणगीमागं एखाददुसरं पुस्तक पडलेलं असायचं. वाचणारी बाई गावात एखादीच, पण तिच्याभोवती ऐकणाऱ्या दहा. बयजाक्का बांगड्या भरता भरता विचारायची, "काय झालं तुला ह्याच्यानं?" बांगडी घट्ट असली की हात दुखतो, आणि हात दुखत असताना माणूस खरं बोलतं. कुणी म्हणायची, हे ऐकून मी सासूशी भांडायचं सोडलं. कुणी म्हणायची, हे ऐकून मी भांडायला लागले. बयजाक्का दोघींचंही लक्षात ठेवायची. मग पुढच्या गावी एखादा हात दाबला की तिला वाटायचं, ह्या हाताला ते पुस्तक बसेल. आणि बसायचं! असं म्हणतात की तिनं दिलेलं पुस्तक कधी परत आलं नाही, पुढंच गेलं. पाटीत बांगड्यांच्या थरांमध्ये ती पुस्तकं घालायची, म्हणून तिच्या बांगड्याही वाटेत वाढायच्या नाहीत. फुटायच्या नाहीत म्हणत नाही आम्ही, बरं का. बांगडीला फुटली म्हणायचं नसतं.

एकच पुस्तक अडलं. जाडजूड, मळक्या निळ्या पुठ्ठ्याचं, झाडांच्या कलमांचं. फांदी कशी कापायची, साल कशी सोलायची, एका झाडाची काडी दुसऱ्या झाडाच्या अंगावर कशी बांधायची, पानंच्या पानं तेच. ते कुणी दिलं हेही बयजाक्काला आठवेना. कुणालाच त्याच्यानं काही झालेलं नव्हतं. पाटलीणबाईंनी ते दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून वापरलं आणि परत केलं. तालमीतला पैलवान ते उशाला घेऊन झोपला, मान अवघडली म्हणून परत केलं. शाळेचे मास्तर म्हणाले, "आक्का, मी पोरांच्या पाठी सोलतो, झाडांच्या नाही." दोन वर्षं बयजाक्का ते ओझं घेऊन फिरली. शेवटी चिडली. "सहा गावांतले हात झाले," ती तातोबाला म्हणाली, "एकाला बसंना. पुस्तकच खोटं असणार."

त्या सालच्या चैत्रात निगडओहळात एक वाईट गोष्ट झाली. गजराबाईचा एकुलता मुलगा तापानं गेला. गजराबाई म्हणजे गावातली सगळ्यात कडक बाई. तिच्या दारावरून जाताना कुत्रंसुद्धा शेपूट आवरून जायचं. मुलगा गेला आणि ती गप्प झाली. पण तिची सून अन्सू तिच्याहून गप्प झाली. अन्सू परगावच्या एका मास्तराची लेक, वाचणारी, हसणारी. वर्षामागंच बयजाक्कानं तिच्या हातात लग्नाचा चुडा भरला होता. आता ती माजघरात भिंतीकडं तोंड करून बसायची. तीन महिने तोंडातून शब्द नाही. खाणं पाखरासारखं, आणि पुढं पुढं तेवढंही नाही. ज्येष्ठाच्या वादळात विहिरीवरचा शेप्या आंबा, शेपूच्या वासाची फळं देणारा, आडवा झाला. तिच्या नवऱ्याचं फार प्रेमाचं झाड होतं ते. तेव्हाही ती उठून बघायला गेली नाही. वैद्य म्हणाले, औषध काय देऊ? हिला जगायचंच नाही. पंचमीपर्यंत ही राहत नाही.

आषाढात बयजाक्का गजराबाईच्या दारात आली. गजराबाईचा नवरा जिता, तिला बांगड्या भरायच्या होत्या. पण गजराबाईनं मान हलवली.

"नको, बयजे. हौस मेली माझी. पोरगा गेला, आता सूनबी चालली. चार दिस झाले, पेजेचा घोट न्हाई पोटात."

  बयजाक्का पाटी आवरायला लागली, तर हाताला ते निळं पुस्तक लागलं. आणि तिथंच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळे हात झाले म्हणते मी. कुठले सगळे? कासारणीला सवय असते बांगडी भरायच्या हातांची. ज्या हातातली बांगडी उतरली तो हात तिच्या मोजणीत येतच नाही. नवरा गेलेल्या बाईच्या उंबऱ्याला कासार पाय लावत नाही, तशी रीतच होती. सहा गावांतले हात तिनं दाबले, आणि असे सगळे हात तिच्याही नकळत वगळले होते. तिला स्वतःची एवढी लाज वाटली की तिचे कान तापले.

ती उठली आणि माजघराकडं निघाली.

"बयजे!" गजराबाई ओरडली. "कुठं चाललीस? तुझ्या हातानं सवाष्णींच्या बांगड्या भरायच्या असत्यात. उद्या गाव तुला दारात उभं करणार न्हाई."

"न्हाई केलं तर न्हाई केलं," बयजाक्का म्हणाली. "पोर चाललीय तुमची. माझ्या पाटीचं काय घेऊन बसलाय?"

आत जाऊन ती अन्सूसमोर मांडी घालून बसली. बांगड्या भरायला बसतात तशी. "आण गं हात," म्हणाली. अन्सूनं बघितलंही नाही. बयजाक्कानंच तिचा हात उचलून दोन्ही तळव्यांत धरला, दाबला, डोळे मिटले. तीन महिन्यांत त्या हाताला कुणी हात लावला नव्हता. किती वेळ धरला कोण जाणे. म्हणतात की बयजाक्काच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं ते आधी अन्सूच्या मनगटावर पडलं, आणि मग अन्सूचे डोळे वाहायला लागले. बयजाक्कानं त्या तळव्यावर पुस्तक ठेवलं.

"ह्याच्यानं कुणाला कायबी झालेलं न्हाई," ती म्हणाली. "तुला काय झालं, ते तूच सांग मला. पंचमीच्या आदल्या दिवशी येते."

अन्सूनं दोन दिवस पुस्तक नुसतं मांडीवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी उघडलं. चौथ्या दिवशी दुपारी गजराबाई तांदूळ निवडत होती, तर सून माजघरातून उठली, तिच्यासमोरून उंबरा ओलांडून बाहेर गेली.  सून विहिरीकडं चालली होती! गजराबाई तांदूळ सांडून मागं पळाली. बघते तर अन्सू विहिरीजवळ खाली बसून आडव्या पडलेल्या शेप्या आंब्याच्या फांद्या चाचपत होती. अर्धी मुळं अजून मातीत होती, एका फांदीत अजून हिरवेपणा होता.

"आत्याबाई," अन्सू म्हणाली. तीन महिन्यांनी पहिला शब्द. "मला विळी द्या. आणि बांधायला केळीचं सोपट."

गजराबाई विळी आणायला अशी धावली की वाटेत तिचं एक पायताण निसटलं. ते तिनं उचललं नाही. परसातल्या कोयींतून उगवलेल्या कोवळ्या रोपांवर दोघींनी बसून काड्या बांधल्या, पुस्तकात लिहिलं होतं तशा. आणि त्या संध्याकाळी अन्सू सासूच्या हातची पेज वाटीभर प्यायली.

पण गावात बातमी फुटली. पंचमीच्या आदल्या दिवशी बयजाक्का आली, चावडीपुढच्या करंजाखाली पाटी उघडून बसली, तर एक हात पुढं येईना. बायका लांब उभ्या. त्या काही दुष्ट नव्हत्या हो. प्रत्येकीला आपल्या कुंकवाची भीती. विधवेचा हात धरलेल्या हातानं आपला चुडा कसा भरून घ्यायचा? पाटलीणबाईंनी सरळ सांगितलं, "बयजे, दुसरा कासार बोलावलाय आम्ही."  हिरव्या बांगड्या उन्हात नुसत्या चमकत होत्या.

तेवढ्यात बायकांची गर्दी दुभंगली. अन्सू आली. हातात मडकं, मडक्यात आंब्याचं रोप, आणि रोपाच्या शेंड्याला तांबूस, कोवळी पालवी फुटलेली. ती बयजाक्कासमोर बसली.

"आक्का, तुम्ही विचारलं होतं, काय झालं मला," ती म्हणाली, आणि लांबच्या बायकांनाही ऐकू गेलं. "त्या पुस्तकात लिहिलंय, झाड पडलं तरी काडी हिरवी असेल तोवर घाई करा. मी ते दहादा वाचलं. मग मला वाटलं, मी अजून हिरवी आहे का बघावं."

आणि तिनं आपला उघडा हात पुढं केला. "हे मला बसलं. आता दुसरं द्या."

कुणी हललं नाही. तेव्हा मागून गजराबाई आली. ती बसली ती थेट सुनेच्या शेजारी, मांडीला मांडी लावून. चैत्रापासून तिनं बांगडी बदलली नव्हती, हातात दोनच जुन्या उरल्या होत्या. तो हात तिनं बयजाक्काच्या पुढ्यात ठेवला.

"पैलं माझ्या सुनेचा हात धर," ती म्हणाली. "मग माझ्या हातात बांगड्या भर. आन् ज्या हातानं माझी सून बोलती केली, त्या हाताला जिला भ्यायचं तिनं घरी जावं."

घरी कुणी गेली नाही. गजराबाईसमोरून उठून जायची टाप कुणाची होती? पण नुसत्या भीतीनं नाही राहिल्या त्या. कितीजणींनी तोंडाला पदर लावला होता. बयजाक्कानं आधी अन्सूचा हात धरला, दाबला, पाटीच्या तळातून एक पुस्तक काढून तिला दिलं. मग गजराबाईला बांगड्या भरल्या. मग पाटलीणबाई पुढं आल्या, नाक उडवत का होईना. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत हात येत राहिले, आणि पाटी काही रिकामी होईना, असं म्हणतात. एकही बांगडी वाढली नाही. आणि त्या साली पंचमीला सहा गावांतल्या उघड्या हातांच्या सगळ्या बाया ओढा ओलांडून आल्या, असंही म्हणतात. बयजाक्कानं एकेकीचा हात धरला.

अन्सू पुढं खूप वर्षं जगली. तिनं बांधलेल्या एकाच आंब्याला सात चवींची फळं यायची म्हणे. मी खाल्लेली नाहीत, माझ्या आजोबांनी पाच चवी खाल्ल्या होत्या. उरलेल्या दोन खाईपर्यंत त्यांचं पोट भरलं.

आजही पंचमीच्या आदल्या दिवशी निगडओहळात बयजाक्काच्या नावानं पाटी निघते. पाटीत खाली पुस्तकं, वर बांगड्या. करंजाखाली लोक समोरासमोर बसतात, बाया, बापे, पोरंसोरं. एकानं हात पुढं करायचा, दुसऱ्यानं तो धरायचा, आपल्याला ह्या पुस्तकानं काय झालं ते सांगायचं आणि मग पुस्तक त्या हातात ठेवायचं. परवा एका कंडक्टरनं सांगितलं की पोहायला शिकवणाऱ्या पुस्तकानं आपला दारूचा नाद सुटला. कसा सुटला ते त्याला नीट सांगता येईना, पण हसलं कुणी नाही.

पण पाटी करंजाखाली येण्याआधी एक घर घेते. त्या वर्षी गावात जिचा नवरा गेला असेल, तिच्या दारात आधी जाते. पाटी घेतलेली कासारीण उंबरा ओलांडून आत जाते आणि तिच्यासमोर मांडी घालून बसते. त्या बाईनं हात पुढं करायला दहा मिनिटं लावोत नाहीतर दुपार, कुणी घाई करत नाही. बाहेर सगळं गाव उभं असतं, हिरव्या बांगड्या तशाच पाटीत असतात, आणि तिचा हात धरून होईपर्यंत निगडओहळातली एकही बाई नवी बांगडी भरून घेत नाही.