तिसरं तोंड

माणसांना इमारती सुचायच्या आधीची गोष्ट. माळावरच्या उंदरांच्या वसाहतीत नियम होता, की प्रत्येक बिळाला दोन तोंडं असावीत : एक भुयारात, येण्याजाण्यासाठी आणि दुसरं वाऱ्यासाठी. मुकादम घुशीने नियम तंतोतंत पाळला. प्रत्येकाचं दुसरं तोंड तिने शेजाऱ्याच्या बिळात काढलं.

दमलेल्या भागी उंदरिणीचं पिल्लू गुदमरू लागलं, तेव्हा तिने छत उकरायला घेतलं.

"अगं भागे, हे तिसरं तोंड! नियमात बसत नाही," घूस ओरडली.

"बसत नसेल तर उभं राहू दे, बाई," म्हणत भागी उकरत राहिली. वारा आत आला आणि पिल्लू शिंकलं.

दुसऱ्या दिवशी सगळी वसाहत भागीच्या बिळात श्वास घ्यायला आली. सर्वांत पुढे घूस.

"अनधिकृत आहे," छाती भरून घेत ती म्हणाली, "पण वारा बरा येतो."