शेजारणीची वाटी

माणसांनी आपापली दारं आतून लावून घेतली होती, त्या काळातली ही गोष्ट. वैजयंतीच्या फडताळात शेजारच्या कमलिनीकाकूंची वाटी अडकून पडली होती. विरजण घेऊन आली, अन् टाळेबंदी लागली.

"मला घरी कधी पाठवणार?" वाटीने कढईला विचारलं.

"शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत गं," कढई म्हणाली. "काही गोडधोड होऊ दे."

पण घरात साखरच नव्हती. वैजयंती कलिंगडाच्या सालींची भाजी करी, शिळ्या भाकरीचा कुस्करा करी, आणि वाटीकडे बघून पुटपुटे, "हे कसं द्यायचं काकूंना?" भिंतीपलीकडे भांडी वाजली की तिला बरं वाटे. "काकूंचं चाललंय व्यवस्थित. रोज काहीतरी रांधतात."

वाटी मात्र अस्वस्थ होती. भांडी वाजतात, मग फोडणीचा वास का येत नाही?

एकदाची साखर मिळाली. वैजयंतीने शिरा केला, वाटी काठोकाठ भरली आणि शेजारचं दार ढकललं; आतून कडी नव्हतीच. काकू भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. तिने हाका मारल्या, अंगाला हात लावला, आणि किंचाळून मागे सरली.

स्वयंपाकघरात सगळी भांडी कोरडी होती, ठिकठिकाणी पोचे पडलेली.

"ती अंथरुणाला खिळल्यापासून आम्हीच आपटत होतो," पातेलं वाटीला म्हणालं. "कुणी यावं म्हणून. तुमच्याकडच्या भाजीचा वास रोज यायचा इकडे."

वाटीतल्या शिऱ्याची वाफ अजून निघत होती. पातेल्याने तो पाहिला.

"तिला सालींची भाजीसुद्धा चालली असती गं."