नुसता पाव

पाव म्हणजे काय, हे कर्णखेडच्या राजवाड्यातल्या सोळा मुलांना काही केल्या कळेना. पंतोजींनी पावकी घोकून घेतली, भाकरीचे चार तुकडे करून दाखवले, अंगठे धरून उभं केलं, छडीही मोडली. तरी सर्जेराव महाराजांनी शाळेत येऊन विचारलं, "तिसरा हिस्सा मोठा की चौथा?" तेव्हा सगळी एका सुरात म्हणाली, "चौथा." तिनाहून चार मोठे, म्हणून. सगळ्यात पुढे खुद्द महाराजांची लेक हंसा होती.

महाराजांनी हुकूम सोडला, "आठ दिवसांत मुलांना अपूर्णांक आले पाहिजेत. पाटी नाही, छडी नाही, घोकंपट्टी नाही. नाहीतर पंतोजी, तुम्ही गाढवं वळायची."

गाढवं गोजरा परटिणीची होती. ती धुणं न्यायला आली, तर पंतोजी गाढवांकडे बघत ओसरीवर बसलेले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ती तुमचं ऐकायची नाहीत," ती म्हणाली. "अनोळखी माणसाला लाथा मारतात. त्यापेक्षा पोरं घाटावर धाडा."

पोरं घाटावर आली. गोजरानं दरबारातलं धुवायला आलेलं जाजम वाळूवर अंथरलं आणि सगळ्यांना त्यावर उभं केलं. ती धोपटण्यानं कपडे बडवी, तोवर पोरं भोवती पळत. धोपटणं थांबलं की जाजमावर यायचं. ज्याचा पाय वाळूत, तो बाद. दर डावाला जाजमाची घडी पडे, आणि किती उरलं ते बाद झालेल्यानं सांगायचं.

"अर्धं."

"पाव."

"अर्धा पाव," म्हणत हंसा वाळूत पडली, आणि लगेच पुन्हा डाव मागू लागली.

चौथ्या दिवशी गोजरानं तेवढंच दुसरं जाजम आणलं. पोरांचे दोन गट केले. एका गटाला तिपदरी जाजम दिलं, दुसऱ्याला चौपदरी. चौपदरीवरची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून उभी राहिली आणि तरीही हरली. दुसऱ्या डावाला चौपदरीवर कुणी जाईना. हंसानं तर तिपदरी जाजमावर बसकणच मारली. गोजरा धुण्याकडे वळली. तिला अजून दोन गाठोडी धुवायची होती.

आठव्या दिवशी दरबार भरला.

"तिसरा मोठा की चौथा?" महाराजांनी विचारलं.

"तिसरा," सोळाही मुलं म्हणाली.

"का? तिनाहून चार मोठे ना?"

"आबासाहेब," हंसा म्हणाली, "वाटेकरी वाढले की वाटा बारीक होतो. चौपदरीवर पाय मावत नाही."

दरबारी हसले. ते महाराजांना खपलं नाही. त्यांनी गोजराला पुढे बोलावलं.

"ही जाजमाची गोष्ट झाली. पंतोजी भाकरीचा पाव दाखवतात, तू जाजमाचा दाखवतेस. मला भाकरी नको, जाजम नको, कशाचाच नको. नुसता पाव दाखव. नाही जमलं तर पंतोजी उद्यापासून गाढवांमागे."

पंतोजींनी डोळे मिटले. नुसता पाव गोजरानं कधी पाहिला नव्हता, कुणीच पाहिला नव्हता. पण लगेच तिच्या मनात दुसरं काहीतरी आलं, आणि तिनं पदर सावरला.

"दाखवते, महाराज. पण पाव करायचा तर आधी अख्खा लागतो. तो सरकारातून मिळावा."

"अख्खा काय?"

"अख्खा एक. एक आंबा नको, सोन्याची एक मोहोर नको, एक हत्तीही नको. नुसता एक. तो समोर ठेवा, लगेच त्याचे चार भाग करते."

महाराजांनी दिवाणजींकडे पाहिलं. "द्या तिला."

दिवाणजी कोठीत गेले. बराच वेळ आत थांबले आणि रिकाम्या हातांनी परत आले. "महाराज," ते म्हणाले, "एक आहेत पुष्कळ. नुसता एकही नाही."

महाराज दिवाणजींकडे बघत राहिले, मग गोजराकडे. आणि एकदम इतके हसले, की मंदिल डोळ्यांवर आला.

"पंतोजी, तुमची शाळा तुम्हांला. रोज दुपारी मुलं घाटावर न्या." हसता हसताच ते दिवाणजींकडे वळले. "आणि गोजराला पाच द्या."

गोजरा जागची हलली नाही.

"पाच काय, महाराज?"

महाराजांना पुन्हा हसू फुटलं. "बिघे, बाई, बिघे. नदीकाठची काळी जमीन. लिहून घ्या दिवाणजी, नाहीतर ही नुसते पाच घेऊन घरी जाईल."