राजाने शेवटी प्यायचं

धारखोऱ्यात नेणते महाराज प्रथम आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर एक कांबळं होतं आणि हातात काहीच नव्हतं. कुणी विचारलं, कुठून आलात, तर म्हणाले, "मी नेणता." कुणी विचारलं, काय शिकलात, तरी तेच. लोकांनी मग तेच नाव ठेवून दिलं. खोऱ्याच्या माथ्यावर धारोबाचं कुंड होतं, कुंडाला लागून गुरवाचा गोठा. महाराज त्या गोठ्यात राहिले. गाईंना त्यांची अडचण झाली नाही आणि त्यांना गाईंची झाली नाही.

मंडळी, आधी या खोऱ्याची रीत सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. धारोबाने पहिल्या राजाला राज्य दिलं ते एका आज्ञेवर. चैत्री पौर्णिमेला राजाने डोक्यावरचा मंदील उतरवायचा आणि त्याच डोक्यावर कुंडाच्या पाण्याची घागर घ्यायची. अनवाणी जायचं. आधी खोऱ्याच्या तळाला, टोकाच्या घरी; मग एकेक घर करत वर राजवाड्यापर्यंत यायचं. प्रत्येकाच्या ओंजळीत पाणी घालायचं आणि सगळ्यांचं झालं की शेवटी आपण प्यायचं. बस्स, एवढंच! ना सोनं मागितलं, ना होमहवन. पिढ्यानपिढ्या राजांनी हे केलं आणि कुंड कधी आटलं नाही.

मग गादीवर हैबतराव आले. माणूस वाईट नव्हता हो. दानधर्म करायचे, देवाला मानायचे. पण घागरीची त्यांना लाज वाटायची. पाणक्यासारखं डोक्यावर ओझं घेऊन दोर वळणाऱ्यांच्या झोपडीपुढे उभं राहायचं? शेजारचे संस्थानिक काय म्हणतील? तेव्हा त्यांनी त्यावर आपल्या मते झकास तोड काढली. चांदीची घागर घडवली. ती सेवकांनी वाजतगाजत वाड्यावर आणली, देवाला दुधाचा अभिषेक झाला, सगळ्या खोऱ्याला पुरणपोळीचं जेवण घातलं. लोक खूश झाले. रीत कुठे गेली, हे जेवणावळीत कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

एकीच्या मात्र आलं. खोऱ्याच्या टोकाला राहीबाई नावाची म्हातारी राहत होती. अंबाडीचे दोर वळून पोट भरायची. काठी टेकत टेकत ती दरबारात आली आणि म्हणाली, "सरकार, माझ्या दारी कुनी आलं न्हाई."

हैबतराव हसले. "अरे, राहीबाईला तहान लागली म्हणे! हिच्याकडे चार घागरी पोचवा, म्हणजे हिचं समाधान होईल."

"पानी हाय माझ्या घरी," राही म्हणाली. "राजा न्हाई आला."

दरबार खो खो हसला. राजांनाही हसू आवरेना. म्हातारीला राजा हवाय पाणी भरायला! राही आली तशी काठी टेकत खाली उतरून गेली.

त्याच दिवशी हैबतराव मोठ्या आनंदाने कुंडावर गेले. वाटलं, महाराज शाबासकी देतील. पाहतात तर महाराज गोठ्याच्या दारात बसून रडत होते.

"राजे," महाराज म्हणाले, "देवाने तुमच्याकडे काय मागितलं होतं?"

"मागितलं त्याहून कितीतरी जास्त दिलं की, महाराज!"

"जास्त दिलंत खरं. मागितलेलं तेवढं राहिलं."

हैबतरावांच्या कपाळावर आठी चढली. गोठ्यात राहणाऱ्याने राजाला शिकवावं! ते वळले आणि पुन्हा कुंडाकडे फिरकले नाहीत.

आणि कुंड उतरू लागलं. आधी एक पायरी उघडी पडली, मग दुसरी. पाऊस आला तो खोऱ्याला वळसा घालून गेला. हैबतरावांनी यज्ञ मांडला. कुंड उतरलं. देवाला सोन्याचा मुखवटा केला. कुंड आणखी उतरलं. दूरदूरचे विद्वान आणले, त्यांनी जप केले, नि राजे रोज सकाळी सेवकाला विचारायचे, "काय रे, आलं का पाणी?" सेवक मान खाली घालायचा. पुढचा चैत्र आला तेव्हा कुंडाच्या तळाशी भेगा पडल्या होत्या. लोक बैलगाड्या जुंपून घाट उतरू लागले. वाड्याच्या सज्जातून हैबतराव ते बघत राहायचे. आजोबांनी वसवलेली घरं कुलपं घालून निघाली होती आणि जाताना कुणी वर बघून मुजरा करत नव्हतं. त्यांच्या जिवाला खायला उठलं ते. एवढं दिलं, एवढं केलं, तरी देव का बोलत नाही, हे त्यांना कळेना. खरं तर कळत होतं. पण कळतं म्हणायची हिंमत होत नव्हती.

अशात त्यांच्या एकुलत्या लेकीला, लहानग्या अंबिकेला ताप भरला. ओठ फुटले, जीभ कोरडी पडली. वैद्य म्हणाले, "सरकार, औषध आता पाणीच. घोट घोट देत राहा." वाड्याच्या तळघरात एकच घागर उरली होती. राणीसाहेबांनी ती लेकीच्या उशाशी आणून ठेवली.

तेव्हा कुठे हैबतराव गोठ्याकडे धावले. "महाराज, माझी पोर वाचवा! सांगाल ते करतो."

"मी नेणता, राजे. मला एकच ठाऊक आहे, ते तुम्हालाही ठाऊक आहे. आज चैत्री पौर्णिमा."

"कुंड कोरडं आहे, महाराज. घागर भरू कुठून?"

"वाड्यात एक भरलेली आहे ना?"

हैबतराव म्हणाले, "ती... ती माझ्या लेकीची आहे."

महाराजांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "होय."

"दुसरं काही सांगा, महाराज. राज्य मागा. माझा प्राण मागा."

"न मागितलेलंच देत आलात, राजे." महाराज म्हणाले. "मी तुम्हाला भाग पाडणार नाही. तुमच्या जागी मी असतो तर माझेही पाय उचलले नसते. पण मला दुसरं येत नाही हो!"

हैबतराव वाड्यावर परतले कसे, ते त्यांचं त्यांना कळलं नाही. महाराजही मागोमाग आले. त्यांनी मंदील उतरवून महाराजांच्या हातात दिला आणि लेकीच्या उशाशी वाकून घागर उचलली. राणीसाहेब दाराशी आडव्या आल्या. "अहो, एक वाटी तरी ठेवा! एकच वाटी!"

राजांचे डोळे भरून आले. "ठेवली तर पुन्हा मी माझीच रीत केली असं होईल. आपलं घर शेवटी." राणीसाहेबांनी भिंतीला डोकं टेकलं आणि वाट दिली. अशा वेळी त्या माउलीला काय वाटलं असेल, ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत.

अनवाणी, उघड्या डोक्याने राजे खोऱ्याच्या तळाला उतरले. मागून महाराज. टोकाच्या झोपडीत राही गोधडीवर पडून होती. उठायची शक्ती राहिली नव्हती. शेजारीण तिच्याजवळ बसली होती. राजांनी राहीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या तोंडात पाणी घातलं. तिने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं.

"उशीर केलात, सरकार," एवढंच ती म्हणाली.

तिथून राजे एकेक घर चढू लागले. जी कुलपं घातलेली नव्हती, त्या प्रत्येक दारात ओंजळी पुढे आल्या, सुरकुतलेल्या, मळलेल्या, काही इतक्या लहान की घोटभरही मावेना. राजे ओतत होते आणि मनात एकच चाललं होतं, आता संपणार, या घरी संपणार. घर मागे पडायचं आणि घागर तशीच जड लागायची. एका घागरीत एवढं पाणी असतं का, हा विचारही त्यांना सुचला नाही. मागून येणाऱ्या महाराजांना सुचला. ते चालता चालता घागरीकडे बघून हात जोडत होते.

सूर्य डोंगराआड टेकला तेव्हा वाड्याचा उंबरठा आला. राजे धावत लेकीपाशी गेले, गुडघे टेकले आणि घागर कलती केली.

थेंब पडला नाही.

पुन्हा कलती केली. आत हात घालून पाहिलं. तळ कोरडा होता, अगदी ठणठणीत. पोरीचे डोळे मिटलेले, श्वास होता की नव्हता कोण जाणे. राणीसाहेबांनी हंबरडा फोडला. हैबतरावांनी रिकामी घागर बाजूला ठेवली आणि कपाळ जमिनीला लावलं. "देवा, रीत पाळली, पण उशिरा पाळली. तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मला म्हणायला तोंडच नाही रे!"

तेवढ्यात दारात पावलं वाजली. हातात चेपलेली पितळी वाटी घेऊन राही आत आली. कुणाला न विचारता पोरीजवळ बसली. दोर वळून घट्टे पडलेल्या बोटांनी तिने थेंब थेंब पाणी पोरीच्या ओठांवर सोडलं. एक थेंब ओघळून गेला, दुसराही. तिसऱ्याला गळा हलला. मग अंबिकेने डोळे उघडले आणि कुरकुरली, "आणखी." राहीने आणखी दिलं. राणीसाहेबांना दिलं. उरलेला घोट राजांपुढे धरला. "घ्या आता तुमी."

राजे प्यायले. वाटी रिकामी झाली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. "राहीबाई, मग तुला?"

"माझं तुमच्याबी मागनं," ती म्हणाली. "राजाच्या मागं मी असतुया." आणि पदर सावरून निघून गेली.

हैबतराव एकदम धडपडत उठले. जिला मान उचलवत नव्हती, ती एवढा चढ चढली कशी? तसेच अनवाणी ते खोरं उतरत गेले. झोपडीत राही त्याच गोधडीवर, त्याच कुशीवर पडून होती. शेजारीण म्हणाली, "मी हालले न्हाई हितनं, सरकार. ही कुटं जातीया? हिला बसताबी येत न्हाई."

 राजांनी राहीच्या पायांवर डोकं ठेवलं. "माझ्या घरी कोण येऊन गेलं गं, राहीबाई? मी तुला हसलो. भर दरबारात हसलो!"

"पाय सोडा, सरकार. म्या गरीब बाई."

मागोमाग आलेल्या महाराजांनी दारातच दंडवत घातलं. राहीला घातलं की आणखी कुणाला, ते त्यांनाच ठाऊक. इतक्यात वरून गुरवाची आरोळी खोऱ्यात घुमली. कुंडाच्या भेगांतून पाणी पाझरू लागलं होतं!

राहीने ती आरोळी ऐकली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "पानी आलं व्हय," ती हळूच म्हणाली. "माझा ल्योक पान्याच्या शोधात घाट उतरून गेला, सरकार. शिमग्याच्या आदी गेला. परत न्हाई आला. त्याला आता कोन सांगंल?"

 राजांनी पुन्हा तिच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि महाराजांनी उठा म्हटलं तरी ते उठले नाहीत.