राणी हरवलेला मळा

एका राज्यात, जिथे नदी डोंगराला वळसा घालून उतरते तिथे, धृतसेन नावाचा राजा होता. नगराबाहेर काळ्या मातीचा सलग मळा होता. माळी, कोष्टी, कुंभार, सारे तिथे वांगी, मेथी, भोपळे पिकवीत. राजाला वाटले, राजाची शान राजाच्या बागेत. त्याने वाफे मोडले, भोवती कोट बांधला, आत मोगरा लावला. प्रजेने पाऊल टाकू नये, अशी दवंडी पिटली.

कंकाळ मांत्रिकाचा दोडक्याचा मांडवही त्यात मोडला. तो कोटाबाहेर उभा राहून म्हणाला, "राजा, ही भूमी आता कुणालाच ओळखणार नाही." आणि धूर होऊन गेला.

तेव्हापासून मोगरा लावला की मिरची येई. मिरची लावली की निवडुंग. सकाळी उत्तरेला जाणारी वाट दुपारी दक्षिणेला जाई. एके दिवशी राणी मृणालवती आत गेली ती परतलीच नाही. तिची हाक येई. कधी विहिरीतून, कधी झाडाच्या शेंड्यावरून. सैनिक शोधायला शिरत आणि शिरल्या दाराने बाहेर पडत. राजा गोंधळला. प्रधान त्याहून गोंधळला.

अखेर राजाने हौसा माळणीला बोलावले. तिचे चार वाफे त्याच कोटाखाली गाडले गेले होते.

"राणीला सोडव. मागशील ते देईन."

"उपाय मला ठाऊक नाही, महाराज. पण बाईमाणूस आत रडते आहे. बघते."

कोटावर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "तीन वस्तू आण. कुणाची नसलेली माती. हुकमाविना आलेले पाणी. राजाने मागून घेतलेले बी."

हौसा तीन दिवस हिंडली. शेत पाटलाचे, रान राजाचे, देवळाचे अंगण देवाचे. कुणाची नसलेली माती असते तरी कुठे? दमून ती चव्हाट्यावर बसली. तिथे हजार पायांची धूळ साचली होती. "ही कुणाची?" तिने विचारले. कुणालाच सांगता येईना. तिने ओंजळ भरली.

पाण्याचे कोडे याहून अवघड. 'आणा' म्हटले तर तोही हुकूमच! तिने दारोदार एवढेच सांगितले, "राणी आत हरवली आहे."

"ज्याने आमचे वाफे मोडले, त्याची ना ती?" गया कोष्टीण म्हणाली आणि दार लावून घेतले. हौसा उंबऱ्याशी तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने दार उघडले. गयेच्या कमरेवर भरली घागर होती. मग शेजारची आली, मग तिच्या शेजारची.

हौसा राजापुढे आली. "महाराज, माझ्याकडे बी मागा."

"मागू? राज्यातले सारे बी माझेच आहे."

"मग राणीही तुमची तुम्हीच शोधा."

राजाने हात पुढे केला, पण तळवा खाली. मागायचे कसे, हे त्याला ठाऊकच नव्हते. हौसाने तो धरून उताणा केला. राजा म्हणाला, "बी दे, बाई."

तिने भोपळ्याच्या तीन बिया ठेवल्या. राजाने कोटाच्या पायथ्याशी स्वतः खड्डा खणला. चव्हाट्याची माती घातली, बी टोचले, बायकांनी पाणी ओतले. वेल उगवला तो कोटावर चढला, आणि कोट दगड दगड होऊन ढासळला. वाटा सरळ झाल्या. राणी चिखलाच्या पायांनी चालत आली.

"मी तर सारखी सरळच चालत होते," ती म्हणाली आणि राजाच्या खांद्यावर डोके टेकून रडली.

शाप सुटला. माणसे आत आली, जुने बांध ओळखू लागली. ज्याचा वाफा त्याला मिळाला. राजालाही एक मिळाला. हौसाने पाटाचे पाणी सोडले. राजा पाटाच्या मधोमध उभा होता. इथे आज्ञा करायची की काम, त्याला कळेना.

"महाराज," हौसा म्हणाली, "जरा बाजूला व्हा. पाणी गयेच्या वाफ्यात जाऊ द्या."

राजा बाजूला झाला, आणि पाणी पुढे गेले.