पेज कोण नेईल?

मुलांनो, आणि मोठ्यांनोही, पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. खाडीकाठी एक गाव होतं. पहाटे तिथे इतकं दाट धुकं पडे, की चर्चची घंटा पाण्याखालून वाजल्यासारखी वाटे.

त्या गावात पास्कू मिठागरात काम करी. त्याची बायको कतरीन चर्चमध्ये फार गोड गायची. एका वर्षी तिचं मन आजारी पडलं. कोणाला न दिसणाऱ्या माणसांशी ती बोलू लागली. पहाटेच मिठागराच्या बांधावर जाई आणि बगळ्यांना आपली स्वप्नं सांगत बसे.

एका रविवारी प्रार्थना चालू असताना ती मोठ्याने बोलू लागली. माणसांनी माना वळवल्या. कोणी पुटपुटलं, "बाधा झालीय." कोणी मुलांना जवळ ओढलं. त्या दिवसापासून पास्कू आणि कतरीन चर्चला यायचे थांबले.

काही महिन्यांनी फादर त्यांच्या घरी गेले. दाराला बाहेरून कडी होती. पास्कू नुकताच कामावरून येऊन उंबऱ्यावर टेकला होता. झोपेविना त्याचे डोळे लाल झाले होते.

"आम्ही तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो," फादर म्हणाले.

"ठाऊक आहे, फादर," पास्कू हळूच म्हणाला. "पण मागे मला ताप आला, तेव्हा सारं गाव पेज घेऊन आलं होतं. हिच्या दुखण्यात कोणी आलं नाही. कामाला जाताना मी हिला कोंडून जातो. दुसरं काय करू, सांगा."



रविवारी फादरांनी प्रवचन केलंच नाही. एवढंच म्हणाले, "पास्कूच्या घरी दुखणं आहे. आज मी पेज घेऊन जातोय. उद्या कोण नेईल?"

मग सांतानबाय नावाची म्हातारी उठली.

"मी नेते. अन् दुपारभर बसते तिच्याजवळ. बगळ्यांशी बोलते, तशी माझ्याशी बोलेल."

तिच्यामागून इतरही निघाले. कोणी कतरीनजवळ बसे, तेवढ्यात पास्कूला झोप मिळे. कोणी तिला होडीने पलीकडच्या वैद्याकडे नेई. दाराची कडी निघाली.

नाताळच्या सुमारास कतरीन चर्चला आली. प्रार्थनेत पुन्हा मोठ्याने बोलू लागली. फादर थांबले. सांतानबायने तिचा हात हातात घेतला. तिचं बोलणं संपलं, तशी प्रार्थना पुढे सुरू झाली.

कतरीन पुरती बरी झाली नाही. काही दिवस चांगले जात, काही धुक्यात हरवत. पण पुढच्या रविवारी एक बाई आपल्या थोरल्या भावाला हाताला धरून आली. मनाच्या दुखण्यामुळे तोही घरातच कोंडलेला; कित्येक वर्षांत गावाने त्याला पाहिलं नव्हतं. लोक बाकावर सरकले, दोघांना जागा झाली.

तात्पर्य: मनाचं दुखणंही दुखणंच असतं; प्रार्थनेबरोबर माणूसही दारी आला, की ते सोसायला बळ येतं.